मोघे सरांनी दिलेला निकाल

फोन आला तेव्हा मी खराडीच्या जिममध्ये एका मुलाच्या डोक्याशी उभा होतो. बाकावर आडवा होऊन तो छातीवरचा बार वर ढकलत होता आणि बार सुटलाच तर धरायला माझे हात खाली तयार होते. काउंटरवरच्या मुलीनं फोन आणून माझ्या कानाला लावला. मोघे सरांची मुलगी स्मिता बोलत होती. "दत्तादादा, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणालो. बरं काय म्हणालो, कुणास ठाऊक... त्या मुलानं बार जागेवर ठेवला आणि अजून एक सेट करू का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो आणि पुन्हा त्याच्या डोक्याशी उभा राहिलो. याला आता महिना होऊन गेला. त्या सकाळी मला नेमकं काय वाटलं, ते अजूनही सांगता येत नाही. दुःख आलं ते नंतर, कोथरूडला जाताना रिक्षात. आधी जे आलं ते वेगळंच होतं. या माणसाला एक गोष्ट धडपणे विचारायची राहिली आणि आता ती कुणाला विचारायची, असा काहीतरी गोंधळ होता तो. तो अजून गेलेला नाही, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

मोघे सर चित्रकलेचे शिक्षक. कसबा पेठेतल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांकडून फुलदाण्या आणि कोंबडे काढून घेतले. अंगानं इतके किरकोळ, की बुशशर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसायचा. त्यात दमा. जिना चढताना मध्येच थांबायचे आणि दम लागलाय हे कळू नये म्हणून भिंतीकडे निरखून बघत राहायचे. असा माणूस आमच्या पेठेतल्या पहिल्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा परीक्षक होता, हे मी आजकालच्या पोरांना सांगतो तेव्हा ती हसतात. तेव्हा आम्हीही हसलोच होतो.

गल्लीत नुकती केबल आली होती. एका दुपारी गणपती मंडळाच्या सेक्रेटरीच्या घरी आम्ही कुठल्याशा परदेशातली स्पर्धा पाहिली. तेल लावून चकाकणारी माणसं, प्रत्येक स्नायू वेगळा मोजता येईल अशी. आम्ही सगळे तालमीतले. जोर, बैठका, आखाड्याच्या हौद्यातली माती. शरीर कमवायचं ते कुस्तीसाठी, कुणाला तरी पाडण्यासाठी. नुसतं उभं राहून जिंकता येतं, ही गोष्ट आमच्या डोक्यात त्या दुपारी पहिल्यांदा शिरली. आपणही अशी स्पर्धा घ्यायची, असं ठरलं. वस्तादांना सांगायला गेलो तर त्यांनी लंगोट पिळता पिळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमावलेलं अंग झाकून ठेवायचं असतं. दाखवायचंच असेल तर मला बोलावू नका." ते खरंच आले नाहीत. नियम कुणालाच माहीत नव्हते. गुण कशाला द्यायचे, किती द्यायचे, पायांचे गुण धरायचे की नाहीत, यावर रोज वाद. परीक्षक कोण, इथे तर सगळंच अडलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी नकार दिला. मग कुणाला तरी आठवलं, की मोघे सर कलाशाळेत असताना हाडं आणि स्नायू शिकले आहेत. सेक्रेटरी विचारायला गेला. सरांनी म्हणे थोडा विचार केला आणि म्हणाले, "मुलं गप्प उभी राहणार आणि मी बघायचं. वर्गात हे कधी जमलं नाही. येतो."

माझ्यासाठी ती गंमत नव्हती. वडिलांचा कारखाना बंद पडला होता. पेपरात रोज नव्या कंपन्या येणार म्हणून छापून यायचं आणि वडील तो पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून घडी घालून ठेवायचे. मी बी. कॉम.ला अडकलेला. घरात येणारं दूध माझ्या एकट्याच्या पेल्यात जायचं, आई आणि बहीण कोरा चहा प्यायच्या. हे सगळं चालवून घेतलं जात होतं, कारण एका मोठ्या कारखान्याचे क्रीडा अधिकारी स्पर्धेला येणार होते आणि पहिला येईल त्याला खेळाडू म्हणून कामावर घेऊ, असं त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं होतं. आमच्या घरी त्या काळात 'पर्मनंट' हा शब्द देवाच्या नावासारखा घेतला जायचा. मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहून केबलवर बघितलेल्या पोझ घोटल्या. मीच पहिला येणार, हे तालमीत सगळे धरून चालले होते. मीही.

स्पर्धा गणपतीच्या मांडवात झाली, विसर्जनानंतर मांडव सोडायच्या आधी. अंगाला शेंगदाण्याचं तेल. हॅलोजनच्या उष्णतेनं सगळ्या स्टेजला स्वयंपाकघराचा वास यायला लागला. समोरच्या गॅलऱ्यांतून बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. आमच्यात तांबट आळीतला रघू होता. तो दिवसभर तांब्याची भांडी ठोकायचा, त्यामुळे त्याचा उजवा दंड आणि खांदा डाव्यापेक्षा उघड उघड मोठा. मित्रांनी ढकलून त्याला स्टेजवर चढवला होता आणि तो रॉकेलच्या रांगेत उभा राहावा तसा उभा होता. टेपवर गाणं लागलं, आम्ही एकेक पोझ द्यायला लागलो, आणि मोघे सर खाली जमिनीकडे बघत बसले. मला वाटलं, लाजले. गाणं संपलं, आम्ही अंग सैल सोडलं, तेव्हा ते उठले आणि आमच्यासमोरून सावकाश चालत गेले. मग वळून पुन्हा तसेच आले. सेक्रेटरीच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यांचा आवाज तसाही बसकाच. सेक्रेटरीनं माइक हातात घेतला. पहिला रघू, दुसरा मी.

टाळ्या जरा उशिरानंच पडल्या. मग तांबट आळीनं रघूला खांद्यावर घेतलं. घरी गेलो तर आईनं जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पेल्यात दूध होतंच. रघू त्या नोकरीवर गेलाच नाही. भोंग्यावर उठणं आपल्याला जमायचं नाही, असं त्यानं त्या अधिकाऱ्यांना सांगितलं म्हणे. म्हणजे ती नोकरी कुणालाच मिळाली नाही.

आठवडाभरानं मी सरांच्या खोलीवर गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. सरांनी चहा ठेवला आणि मला बोलू दिलं. एक हात मोठा, एक हात लहान, अशा माणसाला पहिला नंबर देतात का, असं मी विचारलं. सर कप पुसत होते. म्हणाले, "आपल्याला कुणी बघतंय, हे त्याला माहीत नव्हतं. तुला फार माहीत होतं." आपल्याला बघावं म्हणूनच तर स्पर्धा होती... पण मी चहा प्यायलो, आणि निघताना सरांनी एक जाडजूड पुस्तक उघडून खांद्याचे स्नायू दाखवले. येत जा म्हणाले. मी जायला लागलो. का जायला लागलो, तेही मला नीट सांगता येत नाही. राग होताच. पण माझ्या अंगाबद्दल इतक्या लक्ष देऊन बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. कुठला स्नायू कुठून निघतो, कुठे जाऊन बसतो, एक ओढला की दुसरा का हलतो, हे मी त्यांच्याकडे शिकलो आणि त्यावरच पुढे माझं पोट भरलं.

कारण पुढे दिवस बदलले. तालमीत पोरं कमी झाली आणि कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये जिम निघायला लागल्या. मी एका जिममध्ये नोकरी केली, मग कोथरूडलाच एका इमारतीच्या तळघरात स्वतःची जिम काढली. सरही निवृत्त होऊन मुलीजवळ म्हणून कोथरूडला राहायला आले होते. उद्घाटनाला त्यांनाच बोलावलं. चहूकडे आरसे लावले होते. सर आरशांकडे न बघता सगळीकडे फिरले. मी म्हणालो, सर, आता तरी सांगा, तेव्हा माझं काय चुकलं? ते म्हणाले, "तू जिंकला असतास तर आज कुठल्या तरी कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा असतास. हे झालं असतं का?" लोक हसले. मीही हसलो, पण ते उत्तर मला टोचत राहिलं. माझ्या भल्यासाठी मला हरवलं, असं म्हणायचं होतं का त्यांना? तेव्हा त्यांना काय माहीत, पुढे काय होणार? आणि मग आधी दिलेल्या उत्तराचं काय झालं?

त्यानंतर ते रोज संध्याकाळी जिममध्ये येऊन बसायचे. पाण्याच्या कूलरजवळ त्यांची एक खुर्ची ठरलेली. व्यायाम कधी केला नाही, नुसते बघायचे. एका मुलानं एकदा विचारलं, काका, तुम्ही कधी सुरू करताय? सर म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं झालं की." पुढे खराडीला आयटी पार्कजवळ मी दुसरी जिम काढली, तिथेही एकदा घेऊन गेलो. दिवसभर स्क्रीनसमोर बसून खांदे पुढे आलेली पोरं, नागपूर-अमरावतीकडून नोकरीला आलेल्या मुली, सगळे कानात गाणी घालून आरशासमोर. प्रत्येकाला तीन महिन्यांत फोटोसारखं दिसायचं असतं. सरांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ते उलट खूश दिसले. परत येताना म्हणाले, आपण तेव्हा मांडवात जे सुरू केलं ते एवढं होईल असं वाटलं नव्हतं. हे कौतुक होतं की टोमणा, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही. पुण्यात राहूनही मला ती विद्या आली नाही.

शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याकडे जायचो. झोपून पाय कडक होऊ नयेत म्हणून गुडघ्यांचे, घोट्यांचे हलके व्यायाम करून घ्यायचो. हातात धरलेली पिंढरी इतकी बारीक, की मला जोर लावायची भीती वाटायची. एका दुपारी तो पाय वाकवता वाकवता माझ्या तोंडून पुन्हा तेच निघून गेलं. आता कशाला विचारलं, असं लगेच वाटलंही. सर छताकडे बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी चष्मा घरी विसरलो होतो." आणि डोळे मिटले. ओठ किंचित हलले, ते हसू होतं की दम, सांगता येणार नाही.

तेराव्याला गेलो तेव्हा स्मितानं तिच्या सासरच्या माणसांशी माझी ओळख करून दिली. म्हणाली, हे दत्तादादा, पेठेतल्या पहिल्या स्पर्धेचे विजेते. मी म्हणालो, अगं, मी दुसरा. ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा तर कायम सांगायचे," ती म्हणाली, "पहिल्या स्पर्धेत पहिला आमचा दत्ता." मला वाटलं, ती माझं मन राखायला बोलते आहे. पण तिला माझं मन राखायचं काही कारण नव्हतं, तिला तर खरं काय ते माहीतच नव्हतं. लहानपणापासून तिनं हेच ऐकलं होतं.

मी घरी येऊन विचार करत बसलो. सरांनी माझं नाव सांगितलं आणि सेक्रेटरीला त्या गोंगाटात रघूचं ऐकू आलं, असं झालं असेल का? आणि रघूला खांद्यावर घेतलेला बघून सर गप्प बसले असतील? मग न दिलेल्या निकालाची बाजू माझ्यापुढे इतकी वर्षं का मांडत राहिले? का निकाल रघूचाच होता, आणि घरी सांगताना हळूहळू मी पहिला होत गेलो? सेक्रेटरी जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी तांबट आळीत रघूकडे गेलो. सर गेल्याचं त्याला सांगायचंही होतंच. त्याचं बरं चाललंय. तांब्याच्या बाटल्यांना आयटीतल्या लोकांकडून मागणी आहे. सरांचं ऐकून त्यानं हातोडा खाली ठेवला. मी आडवळणानं त्या दिवसाचा विषय काढला. तो म्हणाला, "नाव पुकारलं तेव्हा मी तुझ्याकडेच वळून बघितलं होतं. मला वाटलं, तू पुढे जाशील." त्यानं वळून बघितलेलं मला आठवत नाही. मी तेव्हा समोर बघत होतो, त्या अधिकाऱ्यांकडे. स्मिता काय म्हणाली ते रघूला सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं नाही. त्यानं मला बळेबळे एक बाटली दिली.

मागच्या आठवड्यात स्मितानं बोलावलं. सरांची मागची खोली आवरायची होती. त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. सर कायम बाहेरच्या खोलीत भेटायचे, आजारपणातली खाटही तिथेच होती. आत भिंतीला लागून फळ्या होत्या आणि फळ्यांवर मातीच्या लहान लहान मूर्ती, वीतभर उंचीच्या. सगळ्या पुरुषांच्या, सगळ्या उभ्या. एकाही मूर्तीला चेहरा नव्हता. मानेच्या वर नुसता गोळा. एकही पोझ दिलेली नव्हती. हात सैल सोडलेले, वजन एका पायावर, गाणं संपल्यावर माणूस उभा राहतो तशी. स्मिता म्हणाली, पेठेत होते तेव्हाच्या आहेत, कसल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिनं धूळ पुसायला चुन्याचे डाग पडलेलं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, यात तुम्ही असालच, आपला ओळखून घेऊन जा.

रघू लगेच सापडला. उजवा खांदा. मग मी स्वतःला शोधायला लागलो. माझं अर्धं आयुष्य आरशांमध्ये गेलं आहे. माझ्या अंगातला प्रत्येक स्नायू मला नावानिशी माहीत आहे. एकेक मूर्ती उचलून खिडकीशी नेली, पाठमोरी धरली, खाली ठेवली. एक माझ्यासारखी वाटली, मग तिच्या शेजारची वाटली. पोझ सोडून मी नुसता उभा राहिलो की कसा दिसतो, हे मी कधी बघितलंच नव्हतं. स्मिता चहा घेऊन आली आणि सापडला का म्हणून विचारलं. मी म्हणालो, अजून नाही. एवढ्यात खोली रिकामी करू नकोस, मी पुन्हा येतो.