चुकीच्या पत्त्यावरची सत्तावीस मंडळी

माझी मुलगी नोकरीत नेमकं काय करते, हे तिच्या आत्याला समजावण्यात माझी सहा वर्षं गेली. प्रॉडक्ट मॅनेजर म्हटलं की आत्या विचारते, "म्हणजे माल विकते?" नाही. "मग बनवते?" तेही नाही. बनवणारे वेगळे आणि विकणारे वेगळे. एखादं अ‍ॅप कुणासाठी करायचं, त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं, आधी काय आणि मग काय, हे ती ठरवते. आणि लोकांनी ते वापरलं नाही तर सगळे मिळून तिच्याकडे बघतात.

"म्हणजे तू घरात करतेस तेच की," आत्या म्हणाली. त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो. पाय फुटले तशी ती गोल गोलच फिरली. पाच वर्षांची असताना पाहुण्यांसमोर उभी राहून विचारायची, "तुम्ही ह्याच खुर्चीत का बसलात? ती का नाही घेतली?" पाहुणे उठून दुसऱ्या खुर्चीत बसायचे. आठव्या वर्षी तिने बैठकीच्या खोलीतल्या एका बटणाखाली चिठ्ठी चिकटवली: 'हा पंखा नाही.' कारण पंखा लावायला जो तो तेच बटण दाबायचा. चिठ्ठी अजून तिथेच आहे. कडा पिवळ्या पडल्यात, पण पंखा लागतो पहिल्या फटक्यात.

दोन वर्षांपूर्वी तिने चौदा महिने खपून केलेलं अ‍ॅप कंपनीने एका मंगळवारी सकाळी बंद केलं. नोकरी राहिली, पण भिंगरी थांबली. तीन आठवडे ती जेवायची, कामावर जायची, परत यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. मी बाथरूमच्या दाराला कान लावून पाण्याचा आवाज येतोय ना, एवढं ऐकायची. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. झाड एका रात्रीत वाळत नाही, आधी पानं नुसती लटकतात, हे मला ठाऊक आहे. तिची पानं लटकली होती.

मग कामावरच्या एकाने तिला ओढत एका बैठकीला नेलं. तो मुलगा इतका उंच की आम्ही त्याला शिडीच म्हणतो, आणि तोही ओ देतो. झेरॉक्सच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे सात माणसं जमली. सगळी ह्याच धंद्यातली. कंपनी नाही, साहेब नाही, फी नाही. महिन्यातून एकदा जमायचं आणि एकमेकांना शिकवायचं. त्या दिवशी प्रत्येकाने आपलं असं एक काम सांगितलं जे कुणीच वापरलं नाही. एकाने पाणी प्यायची आठवण करणारं अ‍ॅप केलं होतं. ते वापरणारा जगात एकच माणूस होता, तो स्वतः, आणि त्यानेही त्याचा आवाज बंद करून ठेवला होता.

भिंगरी घरी आली ती हसत. इतकी हसत होती की बुटाची नाडी सुटेना. मी खाली बसून सोडली, आणि मान वर केली नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि ते तिला दिसायला नको होते.

सहा महिन्यांत ती बैठक तीच चालवायला लागली. एक नियम तिने स्वतः आणला. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी ठेवायची. तिचं नाव आईची खुर्ची. बोलणाऱ्याने त्या खुर्चीकडे बघून बोलायचं, तिथे आपली आई बसली आहे असं धरून. आईला कळणार नाही असा शब्द तोंडून गेला की शेजारच्याने सायकलची घंटा वाजवायची, आणि बोलणाऱ्याने तेच साध्या शब्दांत पुन्हा सांगायचं. लोकांना हे भारी आवडलं.

"आई, खरी आई म्हणून तू ये ना एकदा," ती दर महिन्याला म्हणायची. मी कधी गुडघा पुढे करायची, कधी गॅसचा सिलेंडर. खरं कारण वेगळं होतं. मला तिथे काहीच कळलं नाही, आणि कळलं नाही हे तिला दिसलं, तर?

यंदा प्रश्न आला जागेचा. वाचनालयाने वरचा हॉल फुकट दिला होता, पण चाळीस माणसं जमली पाहिजेत ह्या अटीवर. तीन महिने आकडा चाळीसच्या आतच. ग्रंथपालांचं पत्र आलं: येत्या शनिवारी बरोबर साडेपाचला मोजणी करीन. चाळीस भरली नाहीत तर पुढच्या महिन्यापासून हॉल बुद्धिबळवाल्यांना. बुद्धिबळवाले आवाज करत नाहीत, असंही खाली लिहिलं होतं.

हॉलचं मला काही नव्हतं. पण बैठक मोडली तर भिंगरी पुन्हा थांबेल, ह्या एका विचाराने मी त्या आठवड्यात तीनदा आमटीत मीठ घातलं. एकाच आमटीत.

बुधवारी ती आणि शिडी स्वयंपाकघरात बसून निमंत्रण लिहीत होते. मी डबे पुसत होते.

"दोन निमंत्रणं कशाला?" मी विचारलं.

"अर्ध्या लोकांना हे पाठवायचं, अर्ध्यांना ते. ज्याला जास्त होकार ते जिंकलं. मग तेच सगळ्यांना."

"आणि हरलेल्याचं काय?"

"ते गेलं."

"आणि ते ज्यांना गेलं, त्यांचं?"

"काकू, त्यांना दुसरं पण जाणार ना," शिडी म्हणाला.

"आई, तू उगाच काळजी करतेस," भिंगरी म्हणाली.

हे वाक्य मी नीट घडी घालून ठेवलं.

पहिलं निमंत्रण सरळ होतं: विषय, वेळ, वाचनालयाचा वरचा हॉल. दुसरं गोड: 'घरच्यासारखं या, चहा तयार आहे.' आणि पत्त्याच्या जागी, दिसायला कसं दिसतं ते बघू म्हणून, भिंगरीने आमच्या घराचा पत्ता टाकला. नंतर बदलू म्हणाली. नंतर फोन आला, मग आणखी एक फोन आला, आणि निमंत्रण तसंच गेलं. दोन दिवसांनी पहिलं जिंकलं. ते सगळ्यांना पाठवायचं काम तिला वाटलं शिडीने केलं, शिडीला वाटलं तिने केलं.

हे सगळं मला नंतर कळलं. शनिवारी दोघं तीन वाजताच खुर्च्या लावायला गेली. घरी आमचे हे दिवाणावर बनियनवर झोपले होते. चार वाजून वीस मिनिटांनी बेल वाजली.

बेल वाजली की माझ्या मनात आधी अपघात येतो. दार उघडलं तर तिघं उभी. खांद्याला लॅपटॉपच्या पिशव्या, चेहरे हसरे.

"काकू, आम्ही फार लवकर आलो का?"

"कोण पडलं?" मी विचारलं.

कुणी पडलं नव्हतं. भिंगरीला भेटायला आली असतील म्हणून मी त्यांना आत घेतलं. दहा मिनिटांत आणखी चार. मग सहा. आमच्या बैठकीच्या खोलीत आठ माणसं मावतात, तीही एकमेकांवर प्रेम असेल तर. पावणेपाचला तिथे सत्तावीस होती. खिडकीच्या कट्ट्यावर, इस्त्रीच्या टेबलाशी, फ्रिजला टेकून. दोघं दिवाणाच्या कडेला, ह्यांच्या पायांशी.

हे जागे झाले. आधी पायांकडे बघितलं, मग पायांपाशी बसलेल्यांकडे.

"काका, ह्या दिवाणाला दहापैकी किती गुण द्याल?" एकीने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. वही काढली होती.

"झोपू दिलंत तर नऊ," हे म्हणाले आणि शर्ट शोधायला आत गेले. शर्टाच्या खोलीतही तिघं होती.

मी भिंगरीला फोन लावला. उचलेना. तिथे सगळे फोन दारातल्या टोपलीत ठेवायचे, हाही तिचाच नियम. शिडीचाही टोपलीतच असणार.

चहा ठेवावा तर कप अकरा. ही सगळी मंडळी ह्याच कामातली, त्यामुळे माझ्या स्वयंपाकघरात लगेच रांग लागली, रांगेला प्रमुख मिळाला, आणि ठरलं की आधी थोडाच चहा करायचा, चौघांना द्यायचा, साखर किती ते विचारायचं आणि मग उरलेला करायचा. चौघांनी चार उत्तरं दिली. एक चष्मेवाला माझ्या औषधाच्या डबीपाशी अडला. वारांची सात झाकणं असलेली डबी.

"काकू, रविवारच्या कप्प्यात बटणं आहेत."

"रविवारी मी गोळी घेत नाही. शर्टाची बटणं तुटली की जातात कुठे? तिथे."

त्याने ते लिहून घेतलं. म्हणाला, दोन वर्षं आम्ही औषधांचं अ‍ॅप करतोय आणि बटणांचा विचार कुणीच केला नाही. त्याला इतका आनंद झालेला बघून मला हसू फुटलं. मग कुणीतरी चुकीचं बटण दाबायला गेला, चिठ्ठी वाचली आणि मोठ्याने म्हणाला, "हा पंखा नाही." सत्तावीस माणसं त्या चिठ्ठीसमोर गर्दी करून उभी राहिली. मला इतकं हसू आलं की ओट्याला धरावं लागलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी एकाने विचारलं, "काकू, सुरू कधी होणार?"

"काय सुरू?"

त्याने फोन पुढे केला. घरच्यासारखं या, चहा तयार आहे. खाली आमचा पत्ता, मजल्यासकट.

वाचनालय पायी पंधरा मिनिटं. साडेपाचला मोजणी. तिथे चाळीस नाहीत, कारण अर्धे इथे माझा चहा पीत होते.

"उठा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच नवा वाटला. "कप राहू दे. पिशव्या घ्या. दोघा-दोघांच्या जोड्या करा."

"जोड्या कशाला, काकू?"

"मला मोजता येतात."

रस्ता ओलांडायची मला भीती वाटते. एकटी असले तर एका सिग्नलला मी तीन सिग्नल जाऊ देते. त्या दिवशी मी रस्त्याच्या मध्यावर हात आडवा करून उभी राहिले आणि साडेतेरा जोड्या पलीकडे काढल्या. अर्धी जोडी म्हणजे चष्मेवाला, तो चालता चालता बटणांबद्दल लिहीत होता. टायरच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "कसला मोर्चा?"

"चुकीच्या पत्त्याचा," मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळा मोर्चा पुलावरून हसतच निघाला. मागे हे होते. शर्टाचं एक बटण तुटलेलं, हातात घराची किल्ली. वाचनालयाच्या जिन्याच्या पायरीवर येऊन त्यांनी आपला गुडघा चोळला आणि खालीच बसले. "मी खाली थांबतो," म्हणाले, "तू वर जा."

साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना आम्ही वरच्या हॉलच्या दारात पोचलो. ग्रंथपाल वही मिटत होते. भिंगरी खिडकीपाशी उभी होती, भिंतीकडे तोंड करून. ती पाठ मी ओळखते.

"थांबा," मी दारातून म्हटलं. "अजून आहेत."

ती वळली. आधी मी दिसले, मग चष्मेवाला, मग एकामागून एक सगळे. तिचं तोंड उघडंच राहिलं. शिडीने कपाळावर हात मारला. काय झालं ते तिला कळायला दोन क्षण लागले असतील, मग ती खिडकीला धरून हसायला लागली. बुटाच्या नाडीच्या दिवशी हसली होती तशी.

ग्रंथपालांनी पेन्सिल उचलून पहिल्यापासून मोजलं. शेवटी म्हणाले, "साठ." मग माझ्याकडे पेन्सिल रोखली. "तुम्ही एकसष्टाव्या. पाटी वाचा. हॉलची क्षमता साठ. तुम्हाला बसता येणार नाही."

मी लगेच मागे वळले. खोटं का बोलू, थोडं बरंच वाटलं. पण भिंगरी पुढे आली.

"काका, मोजताना तुम्ही स्वतःला धरलंत का?"

त्यांनी ओठातल्या ओठात पुन्हा मोजलं. 'एक' म्हणताना पेन्सिल स्वतःच्या छातीला लागली.

"नेहमी धरतो," ते म्हणाले. "मीही माणूसच आहे."

मग त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि दाराबाहेर ठेवली. पाय बाहेर, मान आत. "आता साठ," म्हणाले. "बसा."

हॉलमध्ये एकच खुर्ची रिकामी होती. पहिल्या रांगेत, मधली. मी बसले. शेजारच्या मुलीने घंटा माझ्या मांडीवर ठेवली.

आपलं न चाललेलं काम सांगायची पाळी भिंगरीचीच होती. तिने ते दुसरं निमंत्रण भिंतीवर मोठं करून दाखवलं, आमच्या पत्त्यासकट, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तर ह्याचा कन्व्हर्जन रेट..."

मी घंटा वाजवली.

"म्हणजे बोलावलेल्यांपैकी खरंच किती आले ते," ती म्हणाली.

"मग तसं म्हण," मी म्हटलं, आणि हॉल हसण्याने हलला. त्यानंतर मी अकरा वेळा वाजवली. एकदा हात थांबला तर दारातून ग्रंथपाल म्हणाले, "वाजवा ना. मलाही नाही कळलं." वहीत त्यांनी त्या दिवशी लिहिलं: जागा अपुरी पडते. वर्षभर हॉल ह्यांनाच.

घंटा आता आमच्या फ्रिजवर असते. कुठलंही निमंत्रण आधी माझ्याकडे येतं. मी पत्ता वाचते, तारीख वाचते, मग उगाच काळजी करत पुन्हा पत्ता वाचते. ह्या कामाला त्यांच्यात एक लांबलचक नाव आहे, असं परवा शिडी सांगत होता. त्याचं सांगून व्हायच्या आत मी फ्रिजकडे हात नेला.