एका ओळीत दोघी

टेम्पीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण लिहिलेल्या कागदाची धास्ती तिच्याइतकी लँगफर्डांच्या मळ्यावर दुसऱ्या कुणी घेतली नसेल. ती मागावर बसणारी बाई. व्हर्जिनियात, रॅपाहॅनॉक नदीच्या काठच्या त्या तंबाखूच्या मळ्यावर चाळीसेक गुलाम होते आणि त्या सगळ्यांच्या अंगावरचं जाडंभरडं कापड तिच्या हातचं. वर्षानुवर्षं धोटा फेकून तिचा उजवा खांदा जरा खाली उतरला होता. बोलायची कमी. कुणी काही विचारलं तर आधी हातातला धागा ओवून घ्यायची आणि मग उत्तर द्यायची. पोरं तिला घाबरत नसत, पण तिच्या मागाजवळ दंगाही करत नसत.

ही धास्ती आयसममुळे लागली होती. आयसम तिचा थोरला. तो चार वर्षांचा असताना मालकांची आई वारली. म्हातारीचं मृत्युपत्र निघालं आणि तिच्या नावावरच्या माणसांची वाटणी झाली. त्या दिवशी अंगणात उभं राहून टेम्पीनं कारकुनाला यादी वाचताना ऐकलं. तो म्हणाला, "टेम्पी." मग त्यानं श्वास घेतला, लेखणी शाईत बुडवली आणि म्हणाला, "आयसम, वय चार." त्या एका श्वासात आपलं पोर गेलं हे तिला तेव्हा कळलं नाही. आठवड्याभरानं कळलं, म्हातारीच्या कॅरोलायनातल्या लेकीची, हॅरिएटबाईंची गाडी त्याला न्यायला आली तेव्हा.

पुढं सहा महिने तिचे हात मागावर चालले नाहीत. मालकीणबाईंनी ओरडून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. धागे तुटतच राहिले.

मळ्यावरची सुईण बेक मावशी. सत्तरीची, दात गेलेले, जीभ शाबूत. तिनंच एकदा टेम्पीला सांगितलं, "अगं, अंगावर पिणारं पोर वेगळं लिहीत नाहीत. आईच्याच ओळीत. गाय आणि वासरू. मी तीन वाटण्या पाहिल्यात, कधी चुकलं नाही."

"आणि दूध तुटलं की?"

"तुटलं की त्याची ओळ त्याला. ओळ वेगळी, वाट वेगळी."

पुढं फीबी झाली आणि टेम्पीनं तिचं दूध तोडलंच नाही. फीबी दोन वर्षांची झाली, तीन वर्षांची झाली. बायका हसायच्या. "टेम्पे, लग्नाच्या दिवशी तरी सोडवशील ना गं?" टेम्पी धागा ओवून घ्यायची आणि म्हणायची, "बघू."

फीबी साडेतीन वर्षांची असताना, तंबाखू कोठारात टांगायच्या दिवसांत, लँगफर्डसाहेब घोड्यावरून पडले आणि नवव्या दिवशी गेले. दिवाणखान्यात मृत्युपत्र वाचलं. चहाची भांडी आणणाऱ्या मुलीनं बाहेर येऊन सांगितलं की तीन वाटे होणार: एक मालकीणबाईंना, एक कॅरोलायनाच्या हॅरिएटबाईंना आणि एक धाकटे मालक बेव्हर्लीसाहेब यांना. अदालतीनं नेमलेले तीन शेजारी महिन्याभरात येतील, माणसं बघतील, किमती लावतील, सारखे तीन गट पाडतील. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चिठ्ठ्या.

टेम्पीनं त्या दिवसापासून जे कापड विणलं ते फळीसारखं झालं. मागाची फणी ती इतकी घट्ट ठोकायची की सुई शिरेना. मालकीणबाईंनी ते हातात घेऊन पाहिलं, टेम्पीकडे पाहिलं आणि खाली ठेवलं.

शनिवारी संध्याकाळी तिचा नवरा आला. जेकब पलीकडच्या मळ्यावरचा, पिंपं करणारा. आठवड्यातून एकदा परवान्याची चिठ्ठी घेऊन ओढा ओलांडून यायचा. त्यानं फीबीला मांडीवर घेतलं आणि तिची बडबड ऐकून ऐकून दमला. मग टेम्पीनं आपला बेत त्याला सांगितला.

"टेम्पे, ही मला शिकवत होती, पिंपाला कडी कशी चढवायची ते. आणि तू हिला तान्ही म्हणून उभी करणार?"

"तुझ्यावर गेलीय. तोंडाला कुलूप नाही."

"माझं काय काढतेस? तुझं एकटीचं कुलूप पुरतं की दोघांना." तो हसला, पण लगेच आवाज खाली आला. "बरं, एका ओळीत लिहिलं समज. ती ओळ कुणाच्या हाती जाईल? धाकटे मालक डोंगरापलीकडं निघालेत, केंटकीला. सगळा उन्हाळा तेच चाललंय त्यांचं."

टेम्पीनं हातातला धागा ओवून घेतला. "मला एका वेळी एकच भीती पेलते," ती म्हणाली. "दुसरी तू धर."

खरी पंचाईत वेगळीच होती, आणि ती जेकबलाही ठाऊक नव्हती. दूध आटत चाललं होतं. धसक्यानं असेल. बेक मावशीनं बडीशेपेचा काढा दिला, मक्याची पेज पाजली, काही उपयोग झाला नाही. फीबी आताशा छातीशी तोंड लावायची आणि मान वर करून खणखणीत आवाजात म्हणायची, "यात काही नाही."

"श्श. असं नाही म्हणायचं."

"पण नाहीच आहे!"

मग टेम्पी तिला शिकवू लागली. कापूस पिंजताना, सूत गुंडाळताना, रोज. माणसं आली की बोलायचं नाही. चालायचं नाही, आईच्या कडेवर राहायचं. कुणी काही दिलं तर चावायचं नाही. विचारलं तर तोंड आईच्या कुशीत लपवायचं. फीबी हे सगळं मन लावून ऐकायची आणि शेवटी एकच विचारायची, "आणि माणसं गेल्यावर मी मोठी?"

"गेल्यावर मोठी."

ती माणसं नोव्हेंबरात आली. सकाळी दव वाळायच्या आत सगळ्यांना अंगणात उभं केलं. तिघांतले दोघे म्हातारे होते, त्यांचं लक्ष जेवणाकडे. तिसरा कॅप्टन डोलमन. तो घोडे विकत घ्यायचा आणि त्याची नजर घोड्याच्या गिऱ्हाइकाचीच होती. तो एकेकाला चालवून, वाकवून, तळहात उलटे करून बघत होता.

बेक मावशीपुढं तो थांबलाच नाही. "काही नाही," तो कारकुनाला म्हणाला.

"बाप्पा, या वेळीसुद्धा शून्यच!" बेक मावशी शेजारणीला ऐकू जाईल इतपत पुटपुटली. "यांची निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली. त्याच्या टोपीला तरी काही किंमत असेल."

कुणीतरी फिसकन हसलं. टेम्पीला हसू आलं नाही. तिनं फीबीला शालीत घट्ट गुंडाळून कडेवर घेतलं होतं, पाय वर मुडपून, म्हणजे लांबी दिसू नये. पोरीचं वजन खाली उतरलेल्या खांद्याला ओढत होतं. 

कॅप्टन पुढं आला. "हे केवढं आहे?"

"अंगावरचं आहे, साहेब."

"मी वय विचारलं."

टेम्पीनं शाल आणखी ओढून घेतली. कॅप्टननं खिशातून वाळवलेल्या सफरचंदाची फोड काढली आणि फीबीच्या नाकासमोर धरली. फीबीला सफरचंद म्हणजे जीव की प्राण, आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं आईकडे पाहिलं. टेम्पीला होही म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. ती समोरच्या कोठाराकडे बघत राहिली. फीबीनं फोड घेतली, तोंडात घातली. आता ती चावणार, बत्तीशी दिसणार, सगळं संपणार, असं टेम्पीच्या मनात आलं.

फीबीनं चावलं नाही. फोड गालात ठेवून ती चोखत राहिली. लाळ हनुवटीवरून शालीवर उतरली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तरी दात दातांवर आले नाहीत.

"तोंड उघड," कॅप्टन म्हणाला आणि त्यानं अंगठा तिच्या ओठापर्यंत नेला.

"कॅप्टन," ओसरीवरून मालकीणबाई म्हणाल्या. काळ्या पोशाखात खुर्चीवर बसल्या होत्या त्या. "ते पितं आहे अजून. लिहा तसंच."

"बाई, अंगानं तीनच्या वरचं दिसतंय. तुमच्या बायबलात जन्माची नोंद असेल, ते मागवा."

 ते बायबल टेम्पीला माहीत होतं. फीबी जन्मली त्या संध्याकाळी मालकीणबाईंनी स्वतःच्या हातानं त्यात लिहिलं होतं.

मालकीणबाईंनी हातातला पंखा मिटला. "ही बाई कुणाच्याही वाट्याला जाईल, कदाचित माझ्याच. मागच्या वेळी हिचं पोर नेलं, तर सहा महिने मळ्यावर कापड नव्हतं. विकतचं आणावं लागलं. ज्याला मागावर बसणारी बाई हवी, त्यानं तिचे हात चालू राहतील असं बघावं. बायबल वर आहे आणि मी जिना चढणार नाही."

त्या बोलण्यात दया नव्हती, हे टेम्पीला कळलं. दूध देणाऱ्या गाईबद्दल बोलावं तसं त्या बोलल्या होत्या. तरी तिचे डोळे भरले. कॅप्टननं खांदे उडवले आणि कारकुनाला खूण केली. कारकून लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, "टेम्पी व अंगावरचं पोर." मध्ये श्वास न घेता.

कोठारामागं गेल्यावर फीबीनं ती फोड तोंडातून काढली, भिजून पांढरी पडलेली, आणि विचारलं, "आता चावू?"

नव्या वर्षाचा पहिला दिवस कोरडा, थंड होता. त्याच तीन पंचांनी तीन चिठ्ठ्या कॅप्टनच्या टोपीत टाकल्या. जेकबला त्या दिवसापुरता परवाना मिळाला होता, तो कुंपणाशी उभा होता. पहिली चिठ्ठी मालकीणबाईंनी काढली. त्यांच्या वाट्याला बेक मावशी गेली, दोन नांगरे गेले आणि वेगवेगळ्या ओळींतली पाच पोरं. टेम्पी नाही. मालकीणबाईंनी ओठ आवळले.

दुसरी चिठ्ठी बेव्हर्लीसाहेबांची. कारकून वाचत गेला आणि चौथं नाव आलं, "टेम्पी व अंगावरचं पोर."

टेम्पीनं डोळे मिटले. सुटकेनं. एकत्र, एकत्र, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. ती फीबीच्या केसांत तोंड खुपसून उभी राहिली. मग तिनं वर पाहिलं. कुंपणाशी जेकबनं टोपी काढून छातीशी धरली होती. तेव्हा कुठं तिला कळलं, चिठ्ठी कुणाच्या हातात आहे ते.

गाड्या मार्चमध्ये निघाल्या. जेकब ओढ्याच्या उतारापर्यंत चालत आला. परवाना दुपारपर्यंतचा होता. त्यानं फीबीसाठी दोन कड्यांची इवलीशी लाकडी बादली केली होती. फीबीनं ती उलटी करून बघितली आणि म्हणाली, "खालची कडी सैल आहे."

"बघितलंस?" जेकब टेम्पीला म्हणाला. "आणि हिला तान्ही म्हणून लिहिलंय." तो हसायला गेला, ते जमलं नाही. मग म्हणाला, "तुझी भीती टळली, टेम्पे. माझी नाही टळली."

टेम्पीनं त्याची बाही मुठीत धरली. तिचंच विणलेलं कापड होतं ते, घट्ट, फळीसारखं. गाडीवानानं हाक दिल्यावर सोडली.

पलीकडच्या काठावर चढ लागला. फीबी बादली पोटाशी धरून आईच्या कडेवर होती. मग तिनं विचारलं, "आई, माणसं गेली. मी आता मोठी होऊ?"

टेम्पीला हो म्हणायचं होतं. खांदा दुखत होता, वाट लांब होती आणि पोर आपल्या पायांनी मजेत चाललं असतं. तेवढ्यात पुढं घोड्यावर बसलेले बेव्हर्लीसाहेब खोकले. तीस वर्षांचा धट्टाकट्टा माणूस, धुळीनं खोकला असेल. पण लँगफर्डसाहेबही घोड्यावरूनच गेले होते, आणि मग यादी निघाली होती. टेम्पीनं मान वर केली. खोकला थांबेपर्यंत ती ऐकत राहिली, आणि मग फीबीचे पाय पुन्हा वर मुडपून तिनं शाल ओढून घेतली.

"अजून नको, बाळा," ती म्हणाली. "अजून थोडे दिवस नको."