एका दाण्याची उगवण

कापसाचं झाड मुळासकट उपटायचं, माती झटकायची, ते डोळ्यांपुढे धरायचं आणि म्हणायचं, "हे आपलं नव्हे बाप्पा." आमच्या कामदारांना, म्हणजे शेतावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांना, मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मलकापूरजवळच्या शेतकी फार्मवर मी नवा कारकून होतो, आणि महाराष्ट्र राज्यही तेव्हा नवंच होतं. उपटलेल्या झाडात आणि शेजारच्या झाडात मला काडीचाही फरक दिसला नाही.

बियाण्याच्या शेतातली भेसळ फुलोऱ्याआधी काढणं हे त्यांचं काम. फुलं आली की माशा एकाचा पराग दुसऱ्याला नेतात आणि सगळं वाण बिघडतं. पानाची फाक, देठावरची लव एवढ्यावरून ते परकं झाड ओळखत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कामावरची नजर कामावर ठेवून घरी जाणं त्यांना जमत नाही.

घरी त्यांची थोरली बहीण होती, नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. भिंतीतून कोणीतरी बोलतं असं तिला ऐकू येई. ती त्याला उत्तरं देई, मधेच हसे, दोन-दोन दिवस जेवत नसे. त्यांच्या आईचंही शेवटी असंच झालं होतं. दर्गा झाला, देवऋषी झाला, शेवटी नागपूरचे डॉक्टर झाले. डॉक्टरांची भाषा समजेल म्हणून मला सोबत नेलं. मला ती त्यांच्याइतकीच समजली.

डॉक्टर माणूस चांगला. मेंदूत काही रसायनं असतात, त्यांचा तोल जातो. हे घराण्यातून येऊ शकतं, पण येतंच असं नाही. कोणाला येईल ते आज कोणीच सांगू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. कामदारांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"डाक्टरसाहेब, बियाण्याची उगवण पाहाची त आम्ही शंभर दाणे भिजवतो," ते म्हणाले. "पोरगी मले एकच हाये."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

त्या दिवसापासून सुशीलेला, म्हणजे त्या एकुलत्या एक मुलीला, घरात मोकळेपणी हसायची चोरी झाली. ती एकटीच गुणगुणली की हे ओट्यावरून कान देत. तिनं पानात भाकरी टाकली की हे दिवसभर शेतात गप्प. मला फार राग येई. पोरीला असं तपासू नका, असं मी एकदा सुनावलंच. ते म्हणाले, "मी नाही पाहत साहेब, डोये पाहतात."

ती लग्नाची झाली. आपल्याकडे मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे संपले की हळूच विचारतात, घराण्यात काही नाही ना? कामदार पोहे यायच्या आधीच सांगून मोकळे होत. आई अशी गेली, बहीण आत बसली आहे, पाहून घ्या. दोन स्थळं पोहे न खाता उठली. त्यांच्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला. विचारलं तर सांगा, आपण होऊन कशाला, असं मी समजावलं. भेसळीचं बियाणं शुद्धतेची चिठ्ठी लावून विकू काय, असं त्यांनी मलाच विचारलं. पोरगी म्हणजे बियाणं नव्हे, असं मी चिडून म्हणालो खरा. पण ते खरं बोलत होते आणि मी त्यांना लपवायला सांगत होतो. चूक कोणाची, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

तिसरं स्थळ चिखलीकडचं, मुलगा शाळामास्तर. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, मला मुलगी पसंत आहे. घरात आनंद झाला आणि कामदार हबकले. एवढं ऐकूनही हा घाबरत नाही, म्हणजे याच्याच घरात काहीतरी असणार! रजा काढून ते मुलाच्या गावी गेले, तीन पिढ्या उकरून आले. सापडलं एवढंच की एक चुलता बैलांशी बोलतो. मी म्हणालो, तुम्ही कापसाशी बोलता. त्यांनी बराच वेळ विचार केला. "हाव, तेही हायेच," म्हणाले, आणि लग्न लागलं.

पुढे माझी बदली झाली. कामदार गेल्याचं मला उशिरा कळलं, म्हणून मी चिखलीला सुशीलेकडेच भेटायला गेलो. ती सुपात तुरीची डाळ निवडत होती. दोन मुलं शाळेत गेली होती. बाबा दर दिवाळीला यायचे, ती सांगू लागली. निघताना तिला एकटीला गाठून विचारायचे, बाई, काही ऐकू येते का? ती नाही म्हणायची. मग ते समाधानानं एसटीत बसायचे.

बरं झालं, निश्चिंत मनानं गेले, असं मी म्हणालो.

ती खडे वेचत राहिली. मग खालच्या मानेनंच म्हणाली, "काका, एक डाव आलं होतं ऐकू. थोरला पोटात होता तवा. तीन दिवस. मंग गेलं, पुन्हा नाही आलं. त्यायले सांगतलं नाही मी."

तिनं एक खडा वेचून बाहेर टाकला.

"यायलेही नाही सांगतलं," ती म्हणाली. यायले म्हणजे नवऱ्याला. "सांगू काय?"

सांग म्हणावं तर तिचा सुरळीत चाललेला संसार समोर दिसत होता. नको म्हणावं तर तिचे वडील आठवत होते. जन्मभर काही न लपवणाऱ्या त्या माणसाला तिनं एवढं एकच खोटं सांगितलं, आणि त्याच्याच जोरावर तो सुखानं डोळे मिटून गेला. अशा वेळी काय करावं हे विचारावं असं मला ठाऊक असलेलं एकच माणूस म्हणजे कामदार, आणि ते असते तरी नेमकं हेच त्यांना विचारता आलं नसतं.