गार्डसाहेबांची डेझी

गार्डसाहेबांना स्वस्थ बसलेलं मी फारसं पाहिलंच नाही. रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात हलत्या डब्यात गेलेली, त्यामुळे पेन्शनीत निघाल्यावरही त्यांचे पाय काही थांबायला तयार नव्हते. चहा उभ्यानं, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालत, आणि अर्धी दाढी झाली की साबणासकट अंगणात एक फेरी. लग्न होऊन मी हिंगणघाटला आले तेव्हा आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत होती. पलीकडच्या त्या फेऱ्या ऐकता ऐकता माझी भाजी करपायची.

त्यांची कुत्री डेझी त्यांच्याहून चळवळी. रंगानं तांबूस, शेपूट आखूड आणि कान एवढे लांब की पाणी प्यायला वाकली की तोंडाआधी तेच बुडायचे. म्हणून गार्डीणबाई तिच्या जेवणाच्या वेळी ते जुन्या फडक्यानं डोक्यावर बांधून टाकत. मग डेझी थंडीत चुलीपुढं बसलेल्या म्हातारीसारखी दिसे. इंग्रज गेले तरी रेल्वेचा एक साहेब मागे राहिला होता. त्यानं जाताना हे पिल्लू गार्डसाहेबांच्या हाती दिलं होतं.

"कोणत्या जातीचं कुत्रं जी?" एवढं कुणी विचारलं की त्याची सकाळ गेलीच म्हणून समजा.

"कॉकर स्पॅनियल! मूळ स्पेनचं म्हनतेत. विलायतेत वुडकॉक नावाचा पक्षी झुडपात दडून राह्यते, त्याले उठवाचं काम इचं. पडलेला पक्षी तोंडात धरून आनते, पन दात लावत नाई. अन् शेपूट पाहा, झोपेतही हालून राह्यली!"

ऐकणारा बिचारा कपाशीची बंडी सरकी काढायच्या जिनाकडे घेऊन निघालेला असे. बैल कंटाळून आपले आपणच पुढे चालू लागत.

या उत्साहामागे एक घोर होता. डेझी वयानं उतरणीला लागली होती आणि तिला जातीचा जोडीदार मिळत नव्हता. "इच्यासंग हे सारं संपते," असं म्हणत गार्डसाहेब आज वर्धा, उद्या नागपूर असे धावत. अखेर कामठीला एका वकिलाकडे काळा कॉकर सापडला. डेझी माजावर आली तसे ते बोलणी पक्की करायला निघाले, आणि निघताना बायकोला बजावून गेले, "साखळी अजिबात सोडू नोको."

तो दिवस नेमका पोळ्याचा. त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गार्डीणबाईंच्या दारात बैल नव्हता, पण रीत ती रीत. "सनाच्या दिवशी मुक्या जनावराच्या गयात साखयी? मले नाई पाहवत," असं म्हणून त्यांनी डेझीला कुंकू लावलं, पुरणपोळी चारली आणि साखळी काढली. डेझी जिनाच्या मागे पसार झाली ती दिवेलागणीला चिखलानं माखून परतली.

दिवाळीच्या सुमारास पिल्लं झाली. ताठ कान, लांबुडकी तोंडं, थेट गल्लीतल्या कुत्र्यांचा तोंडवळा. गार्डसाहेबांनी बायकोशी बोलणं टाकलं. फेऱ्या मात्र दुप्पट झाल्या. गार्डीणबाई माझ्याकडे येऊन रडत, "म्या काऊन सोडली वं तिले!" आणि रडता रडताच चिडत, "मानसातली जात कमी पडली काय, आता कुत्र्यातही पाहून राह्यले!" मला दोघांचीही दया यायची आणि दोघांचा रागही.

मग एक दिवस ते कामठीचे वकील, ठरलेल्या जोडीचं काय झालं ते पाहायला, स्वतःच आले. पिल्लं पाहून त्यांनी नाक मुरडलं. "पोत्यात भरा आणि वेणा नदीत सोडून द्या. पुढच्या खेपेला चांगली पिल्लं घेऊ."

गार्डसाहेबांच्या येरझाऱ्या जागच्या जागी थांबल्या. मी भिंतीला कान लावून उभी होते.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "विलायतेत पह्यले एकाच आईच्या पोटी स्प्रिंगरही निघे अन् कॉकरही. वजनानं भारी भरला तो स्प्रिंगर, हलका तो कॉकर. मानसानं काट्यावर जात ठरवली. आईले कोनी इचारलं? तिनं तर साऱ्याइलेच चाटलं." मग दाराकडे हात करून, "उठा आता. तुमची गाडी चुकन."

वकील गेले. मग गार्डसाहेबांचा आवाज स्वयंपाकघराकडे वळला, "काय वं, दूध आहे का घरात? पिल्लाइले पाजा लागते." इतक्या दिवसांतलं ते बायकोशी पहिलं बोलणं. आतून रडण्याचा आवाज तेवढा आला.

पिल्लं ओळखीच्या घरी गेली, एक राहिलं. दोन वर्षांनी डेझी गेली आणि गार्डसाहेबांना ते घर खायला उठलं. दोघं मुलीकडे, आर्वीला राहायला निघाले. मी मोटारस्टँडवर पोचवायला गेले. गार्डीणबाईंच्या मांडीवर ते उरलेलं, सगळ्यांत बेढब निघालेलं कुत्रं होतं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सहज विचारलं, "कोणत्या जातीचं जी हे?"

आता आर्वीपर्यंत त्याची सुटका नाही, असं मला वाटलं. गार्डसाहेबांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आमच्या घरचं आहे," ते म्हणाले.