डाव्या बाजूची गिटार

संगीत शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात पुस्तकं कमी उघडायची आणि रॉक गाणी जास्त वाजायची. मुलांनी त्यांचं नाव गिटारबाई ठेवलं होतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. गाणं कुठलंही असो, त्यांचा प्रश्न ठरलेला: "वीण कशी आहे?" गायक, गिटार, खर्जातला बेस सगळे एकाच चालीवरून चाललेत? मग ती एकेरी. चाल गायकाची आणि बाकीचे मागून कॉर्डचा टेकू देताहेत? ती साथीची. आणि दोन चाली एकाच वेळी, आपापल्या वाटेनं, तरी एकमेकींना सांभाळून? ती गुंफलेली. ती ओळखणाऱ्या पोराकडे बाई अशा बघायच्या, जसं काही ते गाणं त्यानंच रचलंय.

त्या वर्षी परीक्षेसाठी त्यांनी मुलांच्या आवडीचं एक नवं गाणं घेतलं. घरी हेडफोन लावून मधला तुकडा निवडला. तिथं गाणं थांबतं आणि नुसती गिटार वाजते. उत्तर सोपं होतं, एकेरी. परीक्षेत मुलांनी तो आपापल्या हेडफोनवर ऐकला. पेपर तपासताना मात्र पहिल्याच मुलीनं 'गुंफलेली' लिहिलेलं. दुसऱ्यानंही तेच. गठ्ठा संपला तेव्हा एकाचंही उत्तर बरोबर नव्हतं. बाईंचं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाची झाडाझडती घेतली. "एकमेकांचं बघून लिहायचं, तर निदान बरोबर तरी लिहा!"

ड्रम वाजवणारी एक मुलगी उभी राहिली. "बाई, दोन गिटारी आहेत. एक वर चढते तेव्हा दुसरी खाली उतरते. ऐका ना तुम्हीच." तिनं आपले हेडफोन पुढे केले.

बाईंनी ऐकलं. "एकच आहे गं."

कुणीच हसलं नाही.

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, उलटे लावून बघा."

बाईंनी हेडफोन फिरवले. मघाची गिटार गेली, पार गेली. तिच्या जागी उजव्या कानात दुसरीच चाल सुरू झाली, शांतपणे खाली उतरणारी, त्यांनी कधीच न ऐकलेली. डावीकडून आवाज कमी येतो म्हणून घरच्या हेडफोनला त्या कित्येक महिने नावं ठेवत होत्या. मुलीचे हे तर कोरे करकरीत होते. बिघाड डाव्या कानातच होता.

"सगळ्यांना मार्क देते," एवढंच कसंबसं म्हणून त्या वर्गाबाहेर पडल्या.

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. पण भीतीनं घरात ठाण मांडलं. दुपारी उजव्या कुशीवर लवंडलं की सगळं घर बंद पडल्यासारखं वाटायचं. त्या दचकून उठायच्या, टाळी वाजवून बघायच्या. एकदा रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली व्हॅन अगदी पदराला घासून गेली. इंजिनाचा आवाज त्यांना आलाच नव्हता.

शेवटी नवऱ्यानंच विषय काढला. तो बेकरीत कामाला, बोलण्यात खट्याळ. "हल्ली मी डावीकडून काही म्हटलं की तुझं उत्तरच नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी नवऱ्याकडे कानाडोळा करायला शिकलीस!"

बाई हसायला गेल्या आणि रडूच फुटलं. "अहो, मला ऐकूच येत नाहीये."

त्यानं हातातला कप खाली ठेवला आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी बाईंना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाच्या वेळी बाई भराभर दाबत गेल्या. मग बराच वेळ काहीच आलं नाही. "मशीन चालू आहे ना?" त्यांनी विचारलं. काचेपलीकडच्या नर्सनं 'हो' अशी मान हलवली.

मग डोक्याचं स्कॅन. बोगद्यासारख्या यंत्रात हातोडे पडावेत तसे ठोके सुरू झाले. सवयीनं बाई त्यांची वीण शोधू लागल्या. एकेरी... आता वर दुसरे ठोके... आणि मनात आलं, उजवाही गेला तर? डोळे गच्च मिटून त्या पडून राहिल्या.

"ऐकण्याच्या नसेवर गाठ आहे, वाटाण्याहून लहान," डॉक्टर म्हणाले. 'गाठ' या शब्दानंतर बाईंना चांगल्या कानानंही काही ऐकू आलं नाही. बाकीचं नवऱ्यानं ऐकलं: कॅन्सर नाही, फार सावकाश वाढते, आत्ता हात लावायचा नाही, दरवर्षी तपासायची. गेलेलं परत येणार नाही. उजव्या कानाला तिच्यापासून धोका नाही.

बाईंनी वर्गात सगळं खरं सांगून टाकलं. ड्रमवालीनं विचारलं, "बाई, भीती वाटते?"

"वाटते ना. डॉक्टर काही म्हणोत, सकाळी उठले की आधी उजव्या कानापाशी बोटं चोळून बघते."

मग त्यांनी दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून वर्गाच्या स्पीकरवर नवं गाणं लावलं. बाईंच्या एकाच कानात सगळी वाद्यं दाटीवाटीनं शिरली.

"साथीची," बाई म्हणाल्या.

"नाही बाई, बेसची चाल वेगळी आहे," मुलं ओरडली.

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या, आणि उजवा कान स्पीकरकडे करून ऐकू लागल्या.