थंडी बुटात असते

तापीकाठच्या प्रकाशा गावाहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या घरी गोधडीतच होतो. "फुवा, फुईले लईसन लवकर या," आत्याला घेऊन लवकर या, एवढंच तो म्हणाला. त्या रविवारी त्यांच्या मळ्यात भरिताचा बेत ठरलेला. मी जांभई देत म्हणालो, "अरे, वांगी भाजायची दुपारी, सकाळपासून आम्ही काय करू तिथं?" मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील नेहमीसारखे सकाळचं पळून तापीकाठाहून परत आले, ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

ते म्हणजे आमचा दादा, माझ्या बायकोचा, सुनंदाचा, थोरला भाऊ. केळीची बाग सांभाळायचा आणि हिवाळा लागला की रोज सकाळी अनवाणी पळायचा. उन्हाळ्यात नाही. "उन्हामा पयाले मी येडा शे का?" लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी पांढरे बूट घालून ऐटीत त्याच्याबरोबर निघालो. त्यानं ते बांधावरच काढायला लावले. "थंडी बुटमा ऱ्हास दाजी, जमीनमा नही." मला मात्र ती जमिनीत, हाडांत, सगळीकडे सापडली. वर गोखरूचे काटे. लंगडत परतलो, तर माझी टाच मांडीवर घेऊन दादा सुईनं काटे काढू लागला. "लगीनमा तुमना पाय धुयात, आते काटा बी काढस. आखो काय बाकी शे, दाजी?" दारामागे सुनंदा तोंडात पदर कोंबून हसत होती.

त्याच्याबरोबर पळणारी खरी तीच. लहानपणी दोघं शाळेआधी दवानं भिजलेल्या वाटेनं नदीपर्यंत जायची. लग्नानंतर तिचं पळणं सुटलं. त्याचा फोन मात्र यायचा, आज वाट किती गार होती ते सांगायला. यंदा दिवाळीनंतर डॉक्टरांनी त्याला थंडीत पळू नको म्हणून बजावलं, तेव्हाही त्यानं तिलाच विचारलं, "काय करू, बाई?" ती हसत म्हणाली, "पय ना दादा. तुले कोन धरी ऱ्हायना?"

तेराव्याला मांडवात कुणीसं म्हणालं, या वयात थंडीत अनवाणी पळायचं म्हणजे... सुनंदानं हातातली पत्रावळ खाली ठेवली. त्यानंतर घरी ती सगळी कामं करायची, पण दादाचं नाव घेईना. मी त्याचे किस्से सांगून पाहिले. माझ्या किश्शांना ती एरवीही हसत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही प्रकाशाला दादाच्या घरी, वहिनीला भेटायला गेलो. सकाळी ती न सांगताच बाहेर पडली. मागोमाग मी. बागेपलीकडे तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या, साडी खोचली आणि पळू लागली. एका बाजूला कलत, मध्येच गुडघा धरत. मी तिच्या चपला सांभाळत, धापा टाकत मागे. नदी दिसली तशी ती थांबली. तळवे लालबुंद झालेले. तिथं उभ्यानंच ती रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मग नाक पुसून म्हणाली, "दादानं वहिनीला विचारलं असतं, तर ती नको म्हणाली असती. म्हणून त्यानं मला विचारलं."