फुग्याच्या बाह्या

धोंडुबाईंनी जन्मभर राण्या सजवल्या, पण स्वतः कधी राणी झाल्या नाहीत. नाटक कंपनीच्या कपडेपटात त्यांचं राज्य. पडदा उघडायच्या आधी नायिकेच्या पाठीचा शेवटचा हूक लावायचा, मग विंगेत उभं राहून आपल्या शिवणीला पडणाऱ्या टाळ्या ऐकायच्या. कंपनी मोडली, तशा त्या दहिवडीला लेकाकडे आल्या. येताना शिलाई मशीन तेवढं उचलून आणलं.

आणि एके दिवशी सांगलीहून निरोप आला. कंपनीतल्या जुन्या मंडळींचा मेळावा होता, आणि या वेळी पडद्यामागच्यांनाही स्टेजवर बोलावून सत्कार!

"आत्या, साडी कुठली नेसणार?" सुनेनं, सोनियानं विचारलं.

"साडी न्हाई. आयुष्यात एकदाच स्टेजवर चढायचंय. माज्या हातचं माज्याच अंगावर पायजे. आन् लय फॅशनेबल पायजे!"

सोनियानं मोबाइलवर शोधून काढला फुग्याच्या बाह्यांचा टॉप. त्याचं पेपर कटिंग चक्क फुकट! झेरॉक्सच्या दुकानातून कागदांची चळत आली. ते कागद एकमेकांना चिकटवून मोठा नमुना करायचा होता. धोंडुबाईंनी कपडेपटातल्या सवयीनं कणकेची खळ शिजवली, कागद जोडले, कापले आणि अंगणात बाजेवर वाळत घातले.

पुढा बेतला, पाठ बेतली. बाहीचा कागद आणायला बाहेर गेल्या, तर बाजेपाशी शेळी मोठ्या समाधानानं तोंड हलवत उभी.

"सोनिया! बाही खाल्ली गं हिनं!"

"दोन्ही?"

"अगं, दोन्हींला कागद एकच असतोय!"

"खळ लावल्यावर ती सोडतीय व्हय? थांबा, परत छापून आणते."

"ऱ्हाऊ दे. फुगा काय मला मोबाइल शिकवणार?"

त्यांनी डोळे मिटले. समोर उभी राहिली कंपनीची नायिका राहीबाई, महाराणीच्या वेशात. तिच्या बाह्यांचा नियम एकच: शेवटच्या रांगेतल्याला दिसल्या पाहिजेत. हात आपोआप चालला. मोरपंखी कापड कराकरा कापलं गेलं, मशीन दणादणा धावलं, आणि टॉप अंगात घालून धोंडुबाई आरशापुढे आल्या तेव्हा त्या आरशात मावल्या, बाह्या मावेनात.

पाठीचे हूक लावता लावता सोनिया हसून हसून खालीच बसली. "आत्या, ह्ये भोपळे हायत!"

"असू देत. आज शेवटच्या रांगेला दिसू दे मला."

खाली सुनेचा प्लाझो, पायांत कोल्हापुरी. तरी पिशवीत एक साडी गुपचूप ठेवलीच. एसटीत शेजारचा पैलवान गडी अंग चोरून बसला. "आजी, ह्या बाहीचं अर्धं तिकीट काढलंय न्हवं?" सगळी गाडी हसली. धोंडुबाई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसल्या.

पण नाट्यगृहात पाऊल टाकलं आणि हसू आटलं. जिकडे तिकडे जरीकाठ. भोपळे घेऊन मिरवणाऱ्या त्या एकट्याच. तशाच मेकअपच्या खोलीत शिरल्या, पिशवीतली साडी काढली, हात मागे नेऊन टॉपचा वरचा हूक सोडला. समोर दिव्यांनी वेढलेला आरसा होता. असल्या आरशात त्यांनी कायम दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं, आपण मागे, खांद्यावरून डोकावणाऱ्या. आज आरशात मधोमध त्याच. बाह्या दिव्यांत कशा झळकत होत्या! बघता बघता त्यांना पुन्हा हसू फुटलं.

साडी पिशवीत गेली. पण सोडलेला हूक? हात पोचेना. तेवढ्यात नाव पुकारलं.

एका हातानं पाठ सावरत त्या स्टेजवर आल्या. सगळ्या माना बाह्यांकडे वळल्या. मग पहिल्या रांगेतून तीच जुनी खणखणीत आरोळी, "आगं धोंडे, ह्या माज्या महाराणीच्या बाह्या!"

"तुज्या कशाच्या, राहे? माज्या! तू नुस्ती घालत हुतीस!"

नाट्यगृह हशानं दणाणलं. टाळ्या पार शेवटच्या रांगेतून आल्या. त्या गदारोळात राहीबाई गुडघे धरत पायऱ्या चढल्या आणि थेट धोंडुबाईंच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"हालू नगंस," त्या कानाशी कुजबुजल्या. "शेवटचा हूक ऱ्हायलाय."